पहिलीच्या द्वारकाबाई

द्वारकाबाई परब आमच्या शाळेत आल्या, त्या वर्षी पहिलीचा वर्ग माझ्याकडून काढून त्यांना देण्यात आला. साल चौपन्न असेल, नाहीतर पंचावन्न. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच होता. हेडमास्तरांनी मला ही गोष्ट सांगितली ती मे महिन्यात, मालवणच्या बाजारात, भर उन्हात.

"सुमतीबाई, यंदा तुम्ही तिसरी घ्या. तिसरीचे पाढे कच्चे आहेत, तिथे तुमच्यासारखं माणूस हवं. पहिलीला नव्या बाई येतायत, नांदगावच्या."

त्यांनी हे माझं कौतुक म्हणून सांगितलं होतं. मी "बरं" म्हटलं आणि घरी आले. चुलीवर चढवलेली पेज कुणीतरी येऊन उतरवून न्यावी, तसं मला झालं होतं.

पहिली माझी होती. खाडीकाठच्या त्या गावातली किती मुलं माझ्या हाताखाली पाटीवर पहिलं अक्षर शिकली, त्याला गणती नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिला आठवडा रडारडीचा. माझी एक पद्धत होती. आया बाहेर, दार बंद, प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा, आणि लगेच पाटी. तिसऱ्या दिवशी वर्ग शांत. त्या शांततेबद्दल हेडमास्तर माझं नाव काढत, आणि मलाही तिचा अभिमान होता.

त्यातून त्या वर्षी माझी शालू पहिलीत जायची होती. माझ्या मुलीचं पहिलं अक्षर माझ्याच हातून व्हावं असं मी मनाशी धरून बसले होते. आमचे हे मालवणात एका पेढीवर कारकून होते. त्यांना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "अगं, मग बरंच आहे की. आईच्या वर्गात मुलं लाडावतात."

शाळा उघडली त्या सकाळी द्वारकाबाई मला पहिल्यांदा दिसल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, अंगाने भरलेल्या, पावलं मात्र पुरुषासारखी मोठी. हातात मिटलेली छत्री. बाहेर पाऊस पडत होता आणि छत्री मिटलेलीच, कारण ती उघडत नव्हती. डोक्यावरून पाणी निथळत होतं. तशाच त्या पहिलीच्या वर्गात गेल्या. आत मुलं हंबरडा फोडत होती, दारात आया पदराने डोळे पुसत होत्या. मी तिसरीच्या खिडकीतून बघत होते. मनात म्हटलं, आता बघूया.

बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. जमिनीवर फतकल मारून बसल्या, पदराने तोंड पुसलं, आणि सगळ्यात मोठ्याने रडणाऱ्या मुलाला विचारलं, "काय रे, हय पाणी खंय असता?"

तो रडायचा थांबला.

"मी पण आजच इलंय," बाई म्हणाल्या. "माका कायच ठावक नाय. पाणी खंय, लघवीक खंय जातत, कौलां खंय गळतत. कोण दाखयतलो माका?"

मी हादरलेच. आम्ही शाळेत मालवणी बोलत नसू. मुलांच्या तोंडून 'माका' निघालं की मी पट्टी उचलत असे. आणि ही बाई पहिल्याच दिवशी वर्गात मालवणी बोलत होती, वर आपल्याला काही माहीत नाही असंही सांगत होती.

तो मुलगा उठला. त्याचा थोरला भाऊ चौथीत होता, त्यामुळे त्याला शाळा ओळखीची होती. "मी दाखयतंय," तो म्हणाला. मग बाई त्याच्या मागे, आणि बाईंच्या मागे सगळी पहिली. विहीर बघितली, कुठला दगड निसरडा आहे तो बघितला, कौल गळतं तो कोपरा बघितला, शेजारचं कुत्रं कुणावर भुंकतं आणि कुणावर नाही तेही बघितलं. ती वरात माझ्या खिडकीखालून गेली. शालूने बाईंचं बोट धरलं होतं. तिने खिडकीकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

माझी तिसरी अगदी शांत होती. सगळी मुलं खिडकीतून बाहेर बघत होती.

त्या बाईंना काय काय येत नव्हतं, हे मी पहिल्या महिन्यातच मनाशी नोंदवून घेतलं. त्यांचं अक्षर वाईट. प्रार्थना म्हणताना सूर कुठे आणि त्या कुठे. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे आनंदच. ट्रेनिंग झालेलं होतं, पास झालेल्या होत्या, पण कशा झाल्या ते देव जाणे. शाळा सुटली की मी पहिलीच्या वर्गात जाऊन त्यांच्या फळ्यावरच्या चुका पुसून नीट करून ठेवत असे. मुलांच्या डोळ्यांना चुकीचं वळण लागू नये, एवढाच हेतू होता असं मी हेडमास्तरांना सांगितलं असतं.

एकदा त्या विसरलेली छत्री न्यायला परत आल्या आणि मी खडू हातात घेऊन उभी. मला वाटलं, आता भांडण होणार. त्या फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "असा असता काय ता? माका कोणी सांगूकच नाय."

दुसऱ्या दिवसापासून नवीनच प्रकार सुरू झाला. माझा तास चालू असताना पहिलीतलं एखादं चिमुरडं दारात येऊन उभं राही आणि म्हणे, "बाई, आमच्या बाईंनी इचारलानी हा, विहिरीतली पयली वेलांटी रस्व काय दीर्घ?" मी मुद्दाम मोठ्याने उत्तर देई, म्हणजे सगळ्या तिसरीला कळावं की नव्या बाईंना वेलांटी येत नाही. पण मुलांना त्यात हसण्यासारखं काही दिसेना. उलट पहिलीत दारात येऊन विचारायला कुणी जायचं यावर भांडणं होऊ लागली. जी मुलं परक्या माणसासमोर तोंड उघडत नसत, ती माझ्या दारात येऊन खणखणीत विचारत. पुढे ती पोस्टात, रेशनच्या दुकानात, एस.टी.च्या कंडक्टरला तशीच विचारू लागली. पोस्टमास्तर मला एकदा म्हणाले, "तुमच्या शाळेतली पोरां बरी धीट झाली." मी म्हटलं, "माझ्या वर्गातली नव्हेत ती."

अक्षरांच्याही आधी त्यांनी मुलांना काय शिकवलं असेल, तर स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, आणि आईचं नाव. आईचं नाव कुणालाच येईना. "आवशीचा नाव काय?" विचारलं की मुलं म्हणत, "आई." बाई म्हणाल्या, "आई ता तुजा. तिचा नाव काय?" मुलांना घरी जाऊन विचारून यायला सांगितलं.

त्या संध्याकाळी गावात काय झालं असेल ते मी माझ्या घरावरून सांगते. शालू चुलीपाशी येऊन बसली. "आई, तुझं नाव काय?"

"सुमती. माहीत नाही तुला?"

"ते लग्नातलं. खरं कुठलं?"

मी देवबागची. समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या त्या वाळूच्या पट्टीवर वाढलेली. माहेरी मला पार्वती ठेवलं होतं, आणि बाप हाक मारी पारू. त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी सांगितलं. शालूने ते दोनदा म्हणून बघितलं आणि झोपायला गेली. मला बरं वाटलं होतं, हे खोटं का सांगू.

सकाळी शाळेच्या पायरीवर द्वारकाबाई म्हणाल्या, "पार्वती, किती बरा नाव हो तुमचा." माझं नाव आदल्या रात्री माझ्या मुलीला मिळालं होतं आणि सकाळी ते हिच्या तोंडात होतं. मला ते चोरीसारखं वाटलं. मी म्हटलं, "शाळेत सुमतीबाईच म्हणा."

"होय, होय," त्या म्हणाल्या.

हे नावांचं वेड कुठून आलं ते त्यांनी एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं. लहानपणी त्या जत्रेत हरवल्या होत्या. लोक विचारत, बापाचं नाव काय, तर ही म्हणे 'बाबा'. गाव कुठलं, तर 'आमचा'. देवळाच्या ओट्यावर दिवसभर बसून होत्या. कुणी खाजं दिलं ते खाल्लं नाही, कारण अनोळखी माणसाकडून घ्यायचं की नाही हेही कुणी सांगितलं नव्हतं. सांगताना त्या हसत होत्या. हसताना तोंडावर हात ठेवायची त्यांची सवय होती, त्यामुळे नेमकं काय वाटतंय ते कळत नसे. नवऱ्याबद्दल मी विचारलं तेव्हाही तोंडावर हात ठेवूनच म्हणाल्या, "ते मुंबयक. थयच ऱ्हवतत." पुन्हा मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी पहिलीत धडा नसे. ज्याला जे येत नाही ते त्याने सांगायचं आणि ज्याला येतं त्याने दाखवायचं. मुलग्यांना शर्टाचं बटण शिवायला बसवलं, तेव्हा गावात कुजबुज झाली. मुली नारळ सोलायला शिकल्या. एका शनिवारी वर्गातून भांडणाचा आवाज आला म्हणून मी धावत गेले, तर दोन मुलं समोरासमोर उभी करून बाई त्यांना नीट भांडायला शिकवत होत्या. "हात लावूचो नाय, आवशीबापाशीक काडूचा नाय, आणि राग इलो कित्याक ता पयला सांगूचा." शालू घरी येऊन तसंच भांडू लागली. माझ्यावर राग आला की समोर उभी राहून कारण सांगे. मला त्याची सवय नव्हती.

फेब्रुवारीत डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्या दिवसाची मी वाटच बघत होते. माझ्या तिसरीने तेवीसाचा पाढा घडाघडा म्हटला. साहेब खूश. मग ते पहिलीत गेले आणि एका मुलाला फळ्यावरचा शब्द वाचायला सांगितला. मुलाने शब्दाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि म्हणाला, "माका येणा नाय. तुमी दाखवा."

साहेबांच्या मागे उभ्या असलेल्या हेडमास्तरांचा चेहरा मला अजून दिसतो. साहेब संतापले. शेऱ्यात काय लिहायचं ते त्यांनी लिहिलं, आणि शनिवारचा 'पोरखेळ' बंद करण्याची ताकीद देऊन गेले. मला त्या रात्री छान झोप लागायला हवी होती. जेवताना मी ह्यांना तेवीसाच्या पाढ्याची हकिकत सांगत होते, तर शालू मध्येच म्हणाली, "बाईंनी आज डबा खाल्ला नाही. झाकण उघडलं आणि परत लावलं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "बिचारी."

साहेबांनी तेवीसाच्या पाढ्याबद्दल दिलेली शाबासकी त्या दिवशी कुणी विचारलीच नाही.

शनिवार बंद झाला तो झाला. बाईंनी साहेबांचा शब्द मोडला नाही. पण रविवार त्यांचा स्वतःचा होता. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, खाडी निवळली तेव्हा शालूचे परकर रविवारी ओले सापडू लागले. आधी म्हणाली विहिरीवर भिजले. मग परकराला वाळू लागलेली दिसली. मी विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, "बाई पोहायला शिकतायत. आम्ही पण."

आमच्या शाळेत खाडीपलीकडून होडीने येणारी मुलं होती. मासेमारी करणाऱ्या गाबतांची मुलं पाण्यातच वाढलेली, त्यांना कुणी शिकवायला नको. पण दुकानदारांची, शेतकऱ्यांची मुलं आणि बहुतेक सगळ्या मुली रोज होडीत बसत आणि पाण्यात पडलं तर काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. बाई स्वतः नांदगावच्या. समुद्रापासून लांब वाढलेल्या. त्या होडीत बसल्या की डोळे मिटून घेत. अशी बाई मुलांना पोहायला शिकवणार, हे ऐकून मला हसू आलं, आणि मग खाडीची ओहोटी आठवली.

शालूला ओढत घरी आणायचं म्हणून पुढच्या रविवारी मी तिच्या मागोमाग खाडीवर गेले.

ओहोटी लागली होती. कमरेएवढ्या पाण्यात मुलं एकमेकांचे हात धरून ओळीने उभी होती. चंद्रा गाबतीण, जिचा मुलगा पहिलीत होता, ओळीच्या टोकाला उभी राहून सांगत होती. आणि सगळ्यांच्या पुढे द्वारकाबाई, नऊवारीचा काचा मारलेला, काखेत शेंड्यांनी एकत्र बांधलेले दोन सुके नारळ, तोंड वर करून पाय मारतायत. पाणी उडत होतं, मुलं हसत होती, बाई नाकातोंडात पाणी जाऊन खोकत होत्या आणि पुन्हा सुरू करत होत्या. माझी शालू ओरडत होती, "बाई, पोट वर, पोट वर."

मी काठावर उभी राहिले. मला पोहता येत होतं. देवबागेत मी चालायच्या आधी पोहले असेन. बापाने शिकवलं होतं, याच खाडीच्या तोंडाशी. सातवीची फायनल पास झाले, ट्रेनिंग झालं, मालवणच्या कारकुनाच्या घरात आले, आणि ते सगळं काठावर ठेवून दिलं. शाळेतल्या बाईने पाण्यात उतरायचं नसतं. शालूला मी कधी सांगितलंही नव्हतं. आणि आता ती दुसऱ्या बाईला, जिला काही येत नव्हतं तिला, पोट वर करायला शिकवत होती.

मी शालूला हाक मारणार, एवढ्यात नारळांची गाठ सुटली.

तिथे वाळू संपून एकदम खोल होतं. ओहोटीचं पाणी त्या बाजूने खाडीच्या तोंडाकडे ओढतं. एक नारळ इकडे, एक तिकडे, आणि बाई मध्ये नव्हत्याच. मग त्यांचं डोकं वर आलं, ओळीपासून बरंच लांब, आणि पुन्हा गेलं. चंद्रा पुढे झेपावली, पण तिच्या हाताला दोन मुलं धरून होती. हात सोडला तर मुलं वाहून गेली असती. ती मागे वळून ओरडली, "पोरांनो, हात सोडू नकात."

मी कधी उतरले ते मला आठवत नाही. पाण्याने पातळ जड झालं तेवढं आठवतं. आणि बापाचं सांगणं आठवलं, बुडणाऱ्याच्या समोरून जाऊ नकोस, तो तुला कवळा घालून बुडवील. मी वळसा घालून मागून गेले आणि त्यांचा अंबाडा धरला. त्यांनी हात मारले, माझा दंड ओरबाडला. मी अंबाडा सोडला नाही. ओढीला छेद द्यायचा नसतो, तिच्याबरोबर तिरकं जायचं असतं. पुढे काठाला लागूनच वाळूचा उंचवटा उघडा पडला होता, तिथे आम्ही लागलो.

बाईंनी पाणी ओकलं. गुडघ्यावर बसल्या, आणि पहिलं वाक्य, "पोरां सगळी आसत?"

"आहेत," मी म्हटलं.

त्यांनी तरी डोळ्यांवर हात धरून काठावरची डोकी मोजली. मग माझ्याकडे बघितलं. पातळ अंगाला चिकटलेलं, केस सुटलेले, दंडातून रक्त, अशी मी.

"सुमतीबाय, तुमका पोहूक येता," त्या म्हणाल्या. "आणि आमका सांगलास नाय."

त्यात रागाचा लवलेश नव्हता. शेजारणीच्या घरी गोडधोड झालं होतं आणि आपल्याला कळलं नाही, असं म्हणावं तसं म्हणाल्या. काठावरून शालू वाळूतून धावत येत होती. ती आपल्या बाईंकडे जाणार म्हणून मी बाजूला सरले. ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि नुसती बघत राहिली.

"आई, तुला येतं?"

"येतं," मी म्हटलं.

ती मला बिलगली, ओली, वाळूने भरलेली. तेवढ्यापुरती ती माझी एकटीची होती.

गावात व्हायचा तो गदारोळ झाला. शाळेच्या ओट्यावर पालक जमले. कुणी म्हणालं, बाईची बदली करा. कुणी म्हणालं, साहेबांना कळवा. हेडमास्तर घाम पुसत होते. द्वारकाबाई उठल्या. "चूक माजी," त्या म्हणाल्या. "जेका येता तेणीच शिकवूक व्हया. सुमतीबायंका येता. त्यांणी माका काढल्यानी, तुमच्या पोरांका काय त्या बुडूक देतल्या?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शिस्तीवर गावाचा विश्वास होता. सुमतीबाई असतील तर आमची ना नाही, असं एकेक जण म्हणू लागला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर शालू पहिल्या रांगेत बसलेली.

म्हणून तो हिवाळा आणि पुढचा, असे दोन हिवाळे त्या गावच्या मुलांना पोहायला मी शिकवलं. थंडीत, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून, एकेकाच्या हनुवटीखाली हात धरून. पाठीवर पडून राहणं, दम धरणं, घाबरलं तरी हात न मारणं, ओढीबरोबर तिरकं जाणं. शालूला मी शिकवलं. द्वारकाबाई काठावर बसलेल्या असत, मांडीवर पंचे आणि शेजारी उकडलेल्या करांद्यांचं टोपलं. मी शिकवून एकेकाला सोडलं की ते कुडकुडत पाण्यातून निघे आणि थेट त्यांच्याकडे पळे. त्या डोकं पुसत, करांदा सोलून हातात देत, आणि विचारत, "आज काय जमला?" मूल त्यांना सांगे. मी पाण्यात उभी राहून पुढच्या मुलाची वाट बघे.

स्वतः त्या परत पाण्यात उतरल्या नाहीत. पण तो बुडण्याचा प्रसंग त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या रंगवून सांगितला की मी वाचवलेला जीव त्यांचीच एक गोष्ट होऊन बसला. लोक ती ऐकायला त्यांच्याकडे जात. कट्टा गावच्या बाजारात एक अनोळखी बाई मला म्हणाली, "त्या बुडालेल्या बायंच्या शाळेतल्या ना तुमी?"

आज त्या मुलांची मुलं मोठी झाली. माझ्या हाताखालची ती मुलं कुणी बोटीवर आहेत, कुणी मुंबईत. भेटली की पाया पडतात, पाढ्यांची आठवण काढतात, माझ्या पट्टीचीही काढतात. आणि मग हमखास म्हणतात, "पण पोहायला मात्र द्वारकाबाईंनी शिकवलं हां आम्हाला." एकदा मी एकाला सुधारलं. म्हटलं, "अरे, हात तुझ्या हनुवटीखाली माझा होता." तो गोंधळला. "होय काय, बाई?" म्हणाला. "माका काठार बसलेल्या द्वारकाबाय तेवढ्या आठवतत." त्यानंतर मी कुणाला सुधारलं नाही.

शालू माझ्या वर्गातून तिसरी पास होऊन चौथीत गेली, त्या वर्षी द्वारकाबाईंची बदली झाली, घाटाच्या पायथ्याच्या कुठल्याशा शाळेत. पहिली मला परत मिळाली. जूनच्या पहिल्या दिवशी मी दार बंद केलं, गूळ वाटला, आणि तरी मुलं रडत राहिली. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं. काय केलं ते सांगत बसत नाही. जमिनीवर बसायला मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही, गुडघे दुखत.

त्यांची शेवटची भेट झाली कट्ट्याच्या एस.टी. थांब्यावर. शालूला ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली होती आणि आम्ही दोघी माझ्या नणंदेकडे त्याचे पेढे द्यायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या होत्या. दुकानाच्या पायरीवर एक बाई बशीतून चहा पीत बसली होती, केस पिकलेले, श्वासाला धाप. मी ओळखायच्या आत शालू धावली.

द्वारकाबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि उन्हाकडे वळवून बघितला. नव्या शाळेत निघाल्या होत्या, पुन्हा पहिलीवर. शालू मास्तरीण होणार हे ऐकून म्हणाल्या, "मगे पयली माग. बाकीचा काय पण देतीत, तू पयली माग." मी घरी तिला चौथी घ्यायला सांगत होते, चौथीला मान असतो म्हणून. शालूने मान डोलावली. माझ्या सांगण्यावर ती अशी कधी डोलावली नव्हती.

मग त्यांनी माझं मनगट धरलं. "बारीक झालास," म्हणाल्या. त्यांच्या हाताला ताप होता. मी तसं म्हटलं तर तोंडावर हात ठेवून हसल्या. पुढच्याच पावसाळ्यात त्या गेल्या. नांदगावकडच्या एका मास्तरांनी मला ते नंतर सांगितलं.

गाडी आली. कंडक्टरने त्यांचं गाठोडं वर घेतलं. त्या खिडकीशी बसल्या, आणि गाडी हलली तेव्हा हात बाहेर काढून हलवला. शालू दोन पावलं पुढे धावली आणि हात हलवू लागली. मीही पिशवी खाली ठेवून हात वर केला. त्या आमच्यापैकी कुणाकडे बघत होत्या ते कळायला मार्ग नव्हता, धुरळा होता आणि माझे डोळेही तितके चांगले राहिले नव्हते.

गाडी वळणाआड गेली. शालूने हात खाली घेतला आणि पदराने डोळे पुसले.

"मला केला हात त्यांनी," ती म्हणाली. "बघितलास ना, आई?"

माझा हात अजून वरच होता.

"आई, गाडी गेली."

"दिसतंय मला," मी म्हटलं, आणि हात आणखी थोडा वेळ तसाच ठेवला.